फीत कापल्यानंतर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी उभं आयुष्य महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवलं. नकाशा वाचायचा तर आधी पायाखालची जमीन ओळखा, असा त्यांचा आग्रह असे. त्यासाठी ते मुलांना टेकडीवर, नदीकाठी, तलावाच्या बांधावर घेऊन जात. त्यांच्या नावाने बोलायचं तर याच जागांबद्दल बोलावं असं मला वाटलं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांतल्या तलावांचं, उद्यानांचं, घाटांचं नूतनीकरण मोठ्या प्रमाणावर झालं. केंद्राच्या योजना आल्या, राज्याच्या आल्या, आमदार-नगरसेवकांचा निधी आला. कामं झाली, फिती कापल्या गेल्या. माझा विषय तिथून पुढे सुरू होतो. मंडळी निघून गेल्यावर ती जागा राखायची कोणी, कोणाच्या हुकमाने, आणि राखणाऱ्याचा त्या जागेवर हक्क किती?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासून घेता येईल. रोजची राखण आणि त्या राखणीचे नियम ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्यांच्या हाती असावा. ती जागा सगळ्यांना खुली राहील याची हमी मात्र सरकारने स्वतःकडेच ठेवावी. ती कुठल्याही समितीला, ट्रस्टला किंवा कंपनीला देऊन टाकू नये. आपण पहिली गोष्ट सहसा करत नाही आणि दुसरीचा आपल्याला सहज विसर पडतो.

आधी एक नळ बघू. नव्याने सजवलेल्या कुठल्याही उद्यानात असतो तसा, पिण्याच्या पाण्याचा. सहा-आठ महिन्यांत त्याचा वायसर झिजतो आणि पाणी ठिबकायला लागतं. खालच्या फरशीवर शेवाळ धरतं. माळी मुकादमाला सांगतो. मुकादम म्हणतो, नळाचं काम उद्यान विभागाचं नाही. पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंता म्हणतात, जोडणी आमच्या मीटरपर्यंत, पुढचं स्थापत्यवाल्यांचं. स्थापत्य विभागातून कळतं की ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी अजून संपलेला नाही, तेव्हा दुरुस्ती त्यानेच करायची. ठेकेदाराला पत्र जातं. तोवर कोणीतरी तोटीला चिंधी गुंडाळतं, मग तोटीच चोरीला जाते, आणि शेवटी पाइपाच्या तोंडात लाकडाची गुट्टी ठोकून पाणी बंद केलं जातं. वायसरची किंमत चहाच्या एका कपाहून कमी आहे. तो बसवणारा माणूस रोज तिथेच उभा आहे. पण त्याच्या हातात पान्हा नाही, खिशात तो खर्च करण्याची मुभा नाही आणि नळ कोणाचा हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येक जण आपल्या चौकटीत बरोबर वागतो आहे. दोष चौकटीत आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नवं बांधकाम भांडवली खर्चात येतं. त्याला योजना असते, निविदा असते, उद्घाटनाचा फलक असतो. देखभाल महसुली खर्चात येते. तिथे तिची गाठ पगार, वीजबिलं आणि निवृत्तिवेतन यांच्याशी असते, आणि या खर्चांना कात्री लावता येत नसल्यामुळे कात्री लागते ती देखभालीला. मग पाच-सात वर्षांनी ती जागा पुरेशी विद्रूप झाली की पुन्हा नूतनीकरणाचा प्रस्ताव येतो, आणि तो भांडवली खर्चात बसतो. बाकडी बदलली जातात, चांगल्या फरश्या उखडून नव्या बसतात. सार्वजनिक पैशाची याहून मोठी नासाडी मला ठाऊक नाही, आणि ती नियमाप्रमाणे होते म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

यावर दोन उत्तरं नेहमी पुढे केली जातात. एक म्हणतं, सरकारनेच अधिक कडक व्हावं; कुंपण घाला, रखवालदार नेमा, तिकीट लावा. दुसरं म्हणतं, खासगी हातात द्या. दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच समजूत आहे: जे सगळ्यांचं ते कोणाचंच नसतं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एका गाजलेल्या लेखात ही समजूत मांडली. सामायिक कुरणावर प्रत्येक गुराखी आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण सगळ्यांसाठीच संपतं, असं त्यांचं चित्र होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढची काही दशकं हे चित्र जगभरच्या खऱ्या कुरणांवर, मासेमारीच्या पट्ट्यांत आणि कालव्यांवर तपासून पाहिलं. त्यांचं पुस्तक १९९० साली आलं आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना आढळलं ते असं, की माणसं एकमेकांना ओळखत असतील, नियम त्यांनीच केलेले असतील, ते मोडणाऱ्यावर त्यांचीच नजर असेल, आणि शिक्षा पहिल्या चुकीला सौम्य व पुढे वाढत जाणारी असेल, तर सामायिक गोष्टी शतकानुशतकं टिकतात. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात पाटपाण्याचे तंटे सोडवणारी शेतकऱ्यांची पंचायत आजही दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दारात बसते.

वॅलेन्सियापर्यंत जाण्याची आपल्याला गरज नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. एका फडात एकच पीक, त्यामुळे पाण्याची पाळी सगळ्यांना सारखी. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरी देत, आणि पाटातला गाळ दरवर्षी सगळ्यांनी मिळून उपसायचा. यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पाटकऱ्याने कोणाच्या वाफ्यात किती पाणी सोडायचं, हे त्या वाफ्याच्या मालकाने ठरवायचं नसे. सामायिक गोष्टीची रोजची राखण एका माणसाचं नेमलेलं, मोबदल्याचं काम होतं. ती हौस नव्हती, पुण्यकर्मही नव्हतं. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले.

दक्षिण कर्नाटकातल्या तलावांवर हेच काम करणाऱ्याला नीरगंटी म्हणत. बंगळूर शहर बारमाही नदीवर वसलेलं नाही. ते तलावांवर वाढलं. एकाचं जादा पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, अशा माळांवर. नीरगंटी तूम, म्हणजे तलावाची मोरी, उघडे, पाण्याच्या पाळ्या लावे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की शेतकरी गाळ काढून शेतात नेत. नळाचं पाणी लांबून यायला लागलं तशी या व्यवस्थेची गरज शहराला वाटेनाशी झाली. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचं मुख्य बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. उरले त्यांत सांडपाणी शिरलं. बेळ्ळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर आलेला आणि त्या तलावाला लागलेली आग आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिली आहे.

बेळ्ळंदूरच्याच माळेत, त्याच्या वरच्या बाजूला, सर्जापूर रस्त्याला लागून कैकोंड्रहळ्ळी नावाचा सुमारे ४८ एकरांचा तलाव आहे. २००७-०८ च्या सुमारास तोही जवळपास संपला होता. सांडपाणी, राडारोडा, सुकलेला तळ. भोवती नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि जुनं गाव अजून तिथेच होतं. महापालिकेने नूतनीकरण करायचं ठरवलं तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी आराखडा मागून घेतला आणि तो अभियंत्यांसोबत बसून वाचला. पर्यावरणाच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र त्यांत होत्या. पैसा महापालिकेचा होता आणि कामही तिचंच. पण पाणी कुठून येतं, पक्ष्यांना काय लागतं, गावातली माणसं तलाव कशासाठी वापरतात, हे प्रश्न फरश्यांच्या आधी विचारले गेले. २०११ च्या सुमारास तलाव पुन्हा भरला. मग रहिवाशांनी 'महादेवपुरा परिसर संरक्षणे मत्तु अभिवृद्धि समिती' नावाची संस्था काढली आणि महापालिकेशी देखभालीचा करार केला.

कराराहून महत्त्वाची गोष्ट मी पुढे सांगतो ती. आपल्याकडे तलावाचं सुशोभीकरण झालं की पहिलं काय होतं? भोवती जाळी लागते, फाटक बसतं, फाटकावर सकाळ-संध्याकाळच्या वेळा लिहिल्या जातात, आणि 'जनावरांना आत आणू नये' अशी पाटी लागते. म्हणजे नूतनीकरणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्या तलावाशी ज्याचं पोट बांधलेलं होतं, तो गुरं पाळणारा, मासे धरणारा, कपडे धुणारा, पहिल्याच दिवशी बाहेर जातो. बंगळूरमधल्या कित्येक तलावांवर असंच झालं. कैकोंड्रहळ्ळीत गुरं सरसकट आत सोडण्याऐवजी काठाचं गवत कापून नेण्याची वाट ठेवली गेली. गवत वाढलं की कुठल्याही उद्यानाला ते कापण्यासाठी पैसे मोजावे लागतात. इथे ज्याला चारा हवा तो विळा घेऊन येतो, भारा बांधून नेतो, आणि जाता-येता कुठे सांडपाणी शिरलंय, कुठे बांधाला भोक पडलंय हे त्याला दिसतं. सकाळी पळायला येणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. तो काठाने जातो आणि समोर बघतो. हरिणी नागेंद्र आणि ऑस्ट्रॉम यांनी मिळून बंगळूरच्या तलावांचा जो अभ्यास केला, तो ऑस्ट्रॉम गेल्यानंतर २०१४ साली प्रसिद्ध झाला. शहरातला तलाव हासुद्धा एक सामायिक स्रोत आहे आणि त्याला सामायिक स्रोतांचेच नियम लागू होतात, या दृष्टीने तो वाचण्यासारखा आहे.

तलावाच्या राखणीत खरं काम कुठे असतं ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे राखण म्हटलं की रविवारी सकाळी हातमोजे घालून प्लास्टिक वेचणं डोळ्यांसमोर येतं. ते करावं, त्याने माणसं जोडली जातात. पण तलावाचं भवितव्य ठरतं नाल्याच्या तोंडाशी. पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर तिथे जाऊन उभं राहा. लोखंडी जाळीवर पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्य आणि फांद्या अडकून बांध झालेला असतो, त्यामागे पाणी तुंबलेलं असतं, आणि एखाद्या कडेने ते जाळीला वळसा घालून सरळ तलावात शिरतं. जाळी त्याच दिवशी मोकळी झाली तर निभावतं. आठवड्याने झाली तर वर्षभराचा गाळ त्या आठवड्यात आत आलेला असतो. दिवाळीनंतर पाऊस थांबला तरी त्या तोंडातून पाणी येतच असेल, तर ते पावसाचं नाही; वर कोणीतरी मैलापाण्याची वाहिनी नाल्याला जोडली आहे. मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद जलपर्णीला खत होतं. मग जलपर्णी काढण्याची निविदा निघते, यंत्र येतं, तलाव हिरव्याचा निळा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा हिरवा. पुण्यात नदीवर आणि पाषाण तलावावर हे आपण पाहत आलो आहोत. जलपर्णी काढायला पैसा लागतो. चोरून केलेली जोडणी पकडायला रोज नजर ठेवणारा माणूस लागतो, आणि त्याने पाहिलेलं ज्याला ऐकून घ्यावंच लागेल असा एक अधिकारी लागतो. वापरणाऱ्यांच्या समितीला अधिकार असावा म्हणतो तो हा.

इथवर मी समाजाच्या बाजूने बोललो. आता दुसऱ्या बाजूचं बोलायला हवं, आणि महाराष्ट्रात बोलताना ते टाळताच येणार नाही.

महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. रावबहादुर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारच्या देखरेखीखालच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुल्या कराव्यात, असं त्यात होतं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात तिथे पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती, कारण तळ्याची राखण गावाकडे होती आणि गाव म्हणजे कोण हे ठरलेलं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर काही मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं होतं की तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे आणि वहिवाट आमची आहे. हा दावा चालला नऊ वर्षांहून अधिक. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

मित्रहो, सामायिक जागांच्या राखणीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने महाडचा हा क्रम मुळापासून वाचावा असं मला वाटतं. गाव एकजूट होतं. गावाचे नियम होते, नियम मोडणाऱ्यावर नजर होती, शिक्षाही होती. ऑस्ट्रॉम यांनी सांगितलेली टिकाऊपणाची बहुतेक लक्षणं तिथे सापडतील. आणि तरीही ती व्यवस्था अन्यायाची होती, कारण तिच्या 'आपण'मध्ये सगळे नव्हते. ते दार उघडलं ते गावाच्या सद्‌भावनेने नाही. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनीच ते उघडलं, आणि कायद्याला शेवटी त्यांच्या बाजूने यावं लागलं. म्हणून खुलेपणाची हमी समाजावर सोडू नये, असं मी म्हणतो.

आजच्या 'आपण'मध्ये कोण नसतं? फाटकावरच्या पाट्या वाचा. 'क्रिकेट खेळू नये.' 'आत बसून डबा खाऊ नये.' 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही.' 'जोडप्यांनी बसू नये' असंही कुठे कुठे लिहिलेलं असतं. या पाट्या एरवी सुसंस्कृत आणि मनापासून झटणाऱ्या रहिवाशांच्याच मागणीवरून लागतात. त्यांचा त्रास खरा असतो, तो मी नाकारत नाही. पण दुपारी बागेत डबा खाणारा माणूस बांधकामावरचा मजूर असतो किंवा कुरिअर पोचवणारा मुलगा असतो, आणि तासभर सावलीत बसायला त्याला शहरात दुसरी जागा नाही. समितीच्या बैठकीत तो नसतो. त्याच्या वतीने बोलणारं कोणी नसेल, तर ती समिती जागा राखत नाही, ताब्यात घेते.

मुंबईच्या ओव्हल मैदानाचं उदाहरण मला याच दृष्टीने मोलाचं वाटतं. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर एस्प्लनेडची जी मैदानं उरली, त्यांतलं हे एक. सुमारे २२ एकर. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. १९९० च्या दशकापर्यंत मैदानाची पार रया गेली होती. समोरच्या इमारतींतल्या रहिवाशांनी मैदानासाठी समोरच्याच उच्च न्यायालयात दाद मागितली. मग ट्रस्ट काढून मैदान दुरुस्त केलं आणि पुढे कित्येक वर्षं सांभाळलं. जमीन सरकारीच राहिली. सुट्टीच्या दिवशी तिथे शेजारी शेजारी इतके सामने चालतात की कुठला क्षेत्ररक्षक कोणाच्या संघाचा ते बाहेरच्याला कळत नाही. चर्चगेटहून फोर्टातल्या कचेऱ्यांकडे जाणारी पायवाट मैदानाच्या मधूनच जाते. २०१८ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे मैदान त्या समूहाच्या मधोमध आहे. समोरच्या महागड्या घरांतल्या लोकांनी राखलेलं मैदान दूरच्या उपनगरांतून आलेल्या मुलांसाठी खुलं राहिलं, आणि राखणीची कसोटी मी इथेच लावतो.

त्याच मुंबईत उलटंही घडलं. महापालिकेने मोकळे भूखंड दत्तक आणि काळजीवाहू तत्त्वावर संस्थांना द्यायला सुरुवात केली, त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले. सभासदत्वाचं शुल्क आलं, आणि आसपासच्या मुलांना आपल्याच मैदानात जायला परवानगी लागू लागली. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने नवं दत्तक धोरण मंजूर केलं तेव्हा नागरिकांचा विरोध इतका होता की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली, आणि संस्थांकडचे भूखंड परत घ्यायची मोहीम निघाली. त्या मोहिमेने चांगलं सांभाळणाऱ्यांनाही तोच न्याय लावला. बंगळूरमध्येही असंच झालं. तिथे काही तलाव भाडेपट्ट्याने खासगी कंपन्यांना दिले होते. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला, आणि ते योग्यच झालं. पण २०२० मध्ये कंपन्यांशी करार करण्यावर न्यायालयाने निर्बंध आणले तेव्हा पदराला खार लावून तलाव सांभाळणाऱ्या रहिवाशांच्या गटांचे करारही अडकले. भाडेपट्टा घेणारा, जाहिरातीची पाटी लावायला मिळावी म्हणून पैसे देणारा आणि रोज नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहणारा, हे तिघे आपल्या कायद्याला वेगळे दिसत नाहीत. ते वेगळे दिसतील अशी भाषा करारात घालणं अवघड नाही. राखणदाराला जमिनीवर कसलाही हक्क नाही, बांधकाम करता येणार नाही, प्रवेशाला शुल्क लावता येणार नाही, हिशेब दर तिमाहीला फाटकावर लागेल, समितीची मुदत ठरलेली असेल आणि तेच ते पदाधिकारी पुन्हा पुन्हा बसणार नाहीत. एवढं लिहिलं तर क्लब काढणारा त्या वाटेला फिरकणार नाही, आणि तलावावर जीव असणाऱ्याला यातलं काहीही जाचणार नाही.

माळ्याचा विषय राहतो. नागरिकांच्या सहभागाचं कौतुक करताना आपण त्याला विसरतो. 'लोकांनी सांभाळायचं' याचा अर्थ लोकांनी फुकट राबायचं असा होऊ लागला, की महापालिका पहिली काटछाट माळ्याच्या पदात करते. मग उरतो ठेकेदाराचा माणूस, जो सहा महिन्यांनी बदलतो आणि ज्याला कुठलं झाड कधी लावलं हे ठाऊक नसतं. झाड जगतं ते पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्याला कोणी पाणी घातलं त्यावर. फडातल्या पाटकऱ्याला, तलावावरच्या नीरगंटीला त्या कामाचा मोबदला होता आणि मान होता. आपल्या उद्यानातल्या माळ्याला पक्की नोकरी, पान्ह्यांची पेटी आणि वायसर, खिळे, पाइपाचा तुकडा आणण्यापुरती रक्कम हातात द्यावी, आणि समितीच्या बैठकीत त्याला खुर्ची असावी. त्याचा पगार महापालिकेनेच द्यायचा आहे. तो वर्गणीतून द्यायची वेळ आली, की ज्याची वर्गणी मोठी त्याचा शब्द मोठा होतो.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. त्याच्याही खालच्या पातळीवर मतदारांची क्षेत्रसभा असावी, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने २००९ साली आपल्या महापालिका कायद्यांत केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी वस्तीला क्षेत्रसभा. ती क्वचितच कुठे भरली. उद्यान किंवा तलाव राखणारी समिती ज्या सभेला उत्तरदायी असायला हवी, ती हीच. कारण तिथे घरमालक आणि भाडेकरू, सोसायटी आणि झोपडपट्टी, सगळ्यांना एकच मत आहे. क्षेत्रसभा भरवा, अशी मागणी आपण नूतनीकरणाच्या मागणीइतक्याच जोराने का करत नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

पुण्यात आणखी एक दार उघडं आहे. २००६-०७ पासून महापालिका पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. पावसाळ्याच्या शेवटी अर्ज निघतात, क्षेत्रीय कार्यालयात ते भरून द्यायचे असतात. आपण त्यांत बहुतेक नवी बाकडी आणि नवे दिवे मागतो. यंदा प्रत्येक प्रभागातून निदान एक अर्ज देखभालीचा जावा, असं मला सुचवायचं आहे. आपल्या जवळची एकच जागा निवडा. तिथे सकाळी, भर दुपारी आणि रात्री जाऊन कोण कोण येतं ते लिहून काढा. त्या माणसांना विचारा, त्यांची नावं यादीत घ्या. जागा राखायची तर समितीत कोण हवं, हे त्या यादीवरून कळेल. नळ किती, झाडं किती, नाल्याची तोंडं किती आणि त्यांतली कोरड्या दिवसांतही वाहणारी कोणती, हे सोबत जोडा. काम म्हणून एवढंच लिहा: या जागेसाठी कायम माळी, त्याच्या हाती दरमहा किरकोळ दुरुस्तीची रक्कम, आणि क्षेत्रसभेने नेमलेली समिती. 'अशी तरतूद नाही' म्हणून कार्यालय अर्ज परत करण्याची शक्यता मोठी आहे. परत आला तर नकाराचं कारण लेखी मागून घ्या, आणि आपल्या प्रभागातले असे सगळे नकार एकत्र करून प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. या सभागृहात निदान दहा-बारा प्रभागांतली माणसं बसलेली आहेत. कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक वही ठेवलेली असेल. ज्यांना अर्ज भरायचा आहे त्यांनी तिच्यात आपला प्रभाग आणि जागा लिहून जावं, म्हणजे अर्ज कसा भरायचा हे ठरवायला आपल्याला पुढच्याच आठवड्यात बसता येईल.